डावी बाजू

महालक्ष्मीला, तबेल्यांच्या तिसऱ्या ओळीत,
पौषातल्या पहाटे साडेपाचला
हुतोक्षीबाईंनी माझ्या हातातलं खोगीर काढून घेतलं.
म्हणाल्या, हे आता संक्रांतीनंतर.
मी म्हटलं, पण डावीकडे वळत नाही ती घोडी आहे.
त्या म्हणाल्या, दीकरा, तू सरळ उभी राहा बघू.

मी सरळच उभी होते.

लतीफने हसू लपवायला घमेलं उचललं.

बावीस वर्षं मी परळला लोकांचे दात बघते,
एकाच अंगाने वाकून, मान कलती, उजवं कोपर हवेत,
सगळा भार डाव्या कुल्ह्यावर.
संध्याकाळी दिवा मालवून उठते
तेव्हा कण्याला आठवत नाही मधोमध म्हणजे कुठे.
आणि करवंदी चार वर्षं शर्यतीत
उजवीकडेच वळत धावली. एकदा तिसरी आली.
आपापल्या धंद्याने वाकड्या झालेल्या
दोन बायका आम्ही.

मग दोरी. फक्त दोरी, आणि तीही सैल.
मी चालले की तिने चालायचं,
मी श्वास सोडून थांबले की तिने थांबायचं.
पहिले आठ दिवस ती मला ओढत
लतीफच्या चहापर्यंत नेत होती.
"खाली बघू नको," बाई खुर्चीतून ओरडायच्या,
"पाय तुझेच आहेत, कुठे जात नाहीत!"
(त्यांचा स्वतःचा एक खुबा स्टीलचा.)

मग हात.
मानेपासून, खांद्यामागून, फासळ्या मोजत,
शेवटच्या फासळीमागे, डावीकडे,
न भिजलेल्या वाटाण्यासारखा एक टणक पट्टा.
मी अंगठा रोवायला गेले. सवय.
"दाबू नको. तळवा ठेव. वाट बघ."
कशाची, ते सांगितलं नाही.
समुद्राकडून खारट वारा आला, गेला.
वरळीच्या टॉवरांतले दिवे एकेक विझले.
माझा हात अवघडला, मग जड झाला, मग
माझा आहे की तिचा ते कळेनासं झालं,
आणि करवंदीने पापण्या मिटल्या, जीभ चघळली,
जबडा वाकडा करून एवढी मोठी जांभई दिली
की मला तिच्या दाढा मोजता आल्या,
आणि पुढचे दात नि दाढा यांच्यामधली
ती बोटभर उघडी हिरडी,
जिथे आम्ही लोखंड ठेवतो.

त्या दिवशी दवाखान्यात
"तोंड सैल सोडा" म्हणताना मी अडखळले.

घरी फरशीवर, पाठीखाली टॉवेलची वळकटी.
दोन पेशंटांच्या मधे एका पायावर उभी.
वैजयंता आत डोकावून म्हणाली,
मॅडम, नवस बोललात का?
तिकडे करवंदी चार बांबू ओलांडायला शिकत होती,
आधी खुर आपटत, मग उचलून,
मग पोट आत घेत, पाठ वर आणत,
गाजरासाठी मान पुढच्या पायांमधून खाली,
डाव्या बरगडीकडे, अजून थोडी, अजून.
तिची शेपूट धरून मी मागे रेलले
तर ती पुढे रेलली, आणि आम्ही दोघी
विहिरीवर पोहरा ओढणाऱ्यांसारख्या
एकमेकींच्या वजनावर उभ्या राहिलो.

संक्रांत होऊन नऊ दिवस झाले होते.
खोगिराची आठवण मला राहिली नव्हती, लतीफला होती.

बसले. बसण्याची दोन्ही हाडं
पहिल्यांदाच एका वेळी हजर.
तिने पाऊल टाकलं आणि माझ्या डाव्या हाडाखाली
तिची पाठ वर आली,
झोपेतल्या माणसाने पांघरुणातून गुडघा उचलावा तशी.
मी डावीकडे नुसतं पाहिलं.
लगाम नाही, टाच नाही.
वळली!
एक पाऊल, दोन, तीन.

चौथ्याला मी कुणाच्या तरी दाढेवर वाकले.
ती थांबली. एक कान मागे केला.

बाई काठी टेकत आल्या,
ओरडल्या नाहीत.
उतर, म्हणाल्या,
दोरी घे.